जुना ५.१ होम थिएटर बदलायचाय, हॉल साडेदहा बाय सतरा, पीओपी सुरू व्हायच्या आत सल्ला द्या

वाकडकर_नवा:
नमस्कार मंडळी. वाकडला फ्लॅटचा ताबा मिळालाय, सातवा मजला, आणि इंटिरियरवाला पुढच्या सोमवारी इलेक्ट्रिक आणि पीओपीचं काम धरतोय. म्हणजे भिंतीत जे काय टाकायचं ते आत्ताच, नंतर बायको ड्रिल मशीन घरात येऊ देणार नाही हे तिने आधीच सांगून ठेवलंय. हॉल साडेदहा बाय सतरा फूट. टीव्ही ५५ इंची, सतराच्या लांब भिंतीवर, समोर सोफा मागच्या भिंतीला टेकून, कान ते टीव्ही अंतर साधारण आठ फूट येतं. सोफ्यावर बसलं की उजव्या हाताला थोडी भिंत आणि मग बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, डाव्या हाताला भिंतच नाही, तिकडे डायनिंग आणि किचनचा पॅसेज. खाली सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स.

सध्या माझ्याकडे जुना खोक्यातला ५.१ आहे, म्हणजे पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर, ॲम्प आणि डीव्हीडी प्लेअर एकाच डब्यात असायचे ना तसला. डिस्क वाचणं बंद झालंय पण स्पीकर आणि वूफर ठणठणीत. ते नव्या रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्पचा डबा) लावून पैसे वाचवता येतील का? बजेट ८० हजार ते १ लाख, एकदम सगळं नाही घेतलं तरी चालेल. शोरूमवाला म्हणतो साहेब आता ५.१ कोण घेतं, डोक्यावरून पण आवाज येतो ते ॲटमॉसच घ्या, वर तोंड असलेले स्पीकर देतो, सिलिंगला हात पण लावायला नको. बघणं म्हणजे बहुतेक ओटीटी, कधीतरी ब्ल्यू-रे, आणि दिवसभर आईबाबांच्या मालिका. आईची तक्रार एकच, गाणं लागलं की कान फुटतात आणि माणसं बोलायला लागली की काही ऐकू येत नाही. त्यात रिमोट एकच हवा. कुठून सुरुवात करू?

बास_रे_बास:
अभिनंदन भाऊ, आणि पीओपीच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत, बहुतेक लोक पेंट झाल्यावर येतात आणि मग केसिंग पट्ट्या मारत बसतात.

जुन्या स्पीकरचं आधी मिटवून टाकू. त्या सेटच्या पाठीमागे ओहम किती लिहिलेत बघा, बऱ्याच खोक्यातल्या सेटमध्ये ३ किंवा ४ ओहम असतात आणि रिसीव्हरवाले किमान ४ नाहीतर ६ मागतात. ३ ओहम लावलं तर हळू आवाजात वाजेल, आवाज चढवला की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल. त्यात कनेक्टर कंपनीचे स्वतःचे, कापून वायर सोलावी लागते. आणि वूफर तर विसराच, तो पॅसिव्ह आहे, त्याला ताकद त्या डब्यातल्या ॲम्पमधून मिळत होती. नव्या रिसीव्हरला सबवूफरसाठी फक्त लाइन लेव्हलचं, म्हणजे ताकद नसलेल्या बारीक सिग्नलचं भोक असतं, तिथे स्वतःचा ॲम्प असलेला पॉवर्ड सबच लागतो. सेटमधल्या छोट्या स्पीकरचे (सॅटेलाइट) ओहम जमले तर तात्पुरते मागे सराउंड म्हणून ठेवा, पुढे मात्र लावू नका, अडीच-तीन इंची कोनातून (स्पीकरच्या पडद्यातून) माणसाचा आवाज पण नीट येत नाही.

आता मुख्य मुद्दा. वायर सगळ्या जागांना आत्ता टाका, पैसे मात्र पहिल्या फेरीत फक्त पुढचे तीन स्पीकर, एक सब आणि रिसीव्हर यांच्यावरच घाला. म्हणजे ३.१ ने सुरुवात. ढोबळ तीन हिस्से करा, एक रिसीव्हरला, एक पुढच्या तिघांना, एक सबला. सराउंड सहा महिन्यांनी आले तरी काही बिघडत नाही पण सेंटर हलका घेतला तर रोज बिघडतं, कारण सिनेमातलं बोलणं जवळपास सगळं सेंटरमधूनच येतं. लेफ्ट, राइट आणि सेंटर एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधे तिचा आवाजच बदलतो. पोल्क, वॉर्फडेल, डाली, जामो असे पर्याय ऐकून बघा, आपल्याकडच्या कोलकात्याच्या सोनोडाइनला पण उगाच वगळू नका.

टॉवर नको, बुकशेल्फ घ्या. सब आल्यावर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं तिकडेच जाणार आहे, मग टॉवरच्या खालच्या दोन कोनांचे पैसे कशाला. आणि वॉटच्या आकड्यावर जाऊ नका, आपल्याकडे पीएमपीओ नावाचा फुगवलेला आकडा लिहून दोन हजार वॉटचे डबे विकले गेलेत. साधं गणित सांगतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८८ डीबी असेल आणि तुम्ही ३ मीटरवर बसलात तरी खऱ्या ५० वॉटमध्ये कानाशी ९५ डीबीच्या आसपास मिळतात, तुम्ही तर त्याहून जवळ बसताय. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. म्हणजे ७० च्या जागी ९० वॉटचा रिसीव्हर घेतला म्हणून जास्तीचे दहा हजार मोजणं हा वेडेपणा आहे.

नाशिकचा_वायरवाला:
बास भाऊंनी स्पीकरचं सांगितलं, मी भिंतीतलं सांगतो, काम माझं हेच.

भिंतीला खाचा मारायच्या आत खडूने खुणा करून घ्या, फोटो काढून ठेवा टेप धरून. नंतर खिळा ठोकताना लागतात. स्पीकरचा पाइप वेगळा, लाइटचा पाइप वेगळा, एकाच पाइपात कोंबू देऊ नका, इलेक्ट्रिशियन म्हणेल काय होत नाही साहेब, ऐकायचं नाही. शेजारून जायची वेळ आली तर फूटभर अंतर सोडा आणि क्रॉस करायचं तर काटकोनात. वायर जास्त लांब जाते म्हणून घाबरायचं कारण नाही, १.५ स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची मल्टीस्ट्रँड असली तर १२ मीटरच्या रनला जाऊन-येऊन ०.३ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स होतो, ८ ओहमच्या स्पीकरला ते काहीच नाही. स्पीकर ४ ओहमचा असेल तर २.५ टाका. सोन्याच्या मुलाम्याच्या महागड्या केबलची गरज नाही. फक्त एक बघा, बाजारात स्पीकर वायर म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम भरपूर विकली जाते. टोक चाकूने खरवडून बघायचं, आत पांढरं निघालं की परत द्यायची. तापकीर गल्लीत दुकानदारासमोर खरवडलं तरी कोण रागवत नाही.

पाइप २५ एमएमचा टाका, एल्बो न लावता लाँग बेंड लावा, आणि ज्या पाइपात आज वायर नाही त्यात ओढायला दोरी किंवा बाइंडिंग तार सोडून ठेवा. टीव्हीच्या मागून खाली युनिटपर्यंत जो पाइप जाईल तो मात्र ४० एमएमचा, कारण एचडीएमआयचं डोकं रुंद असतं, २५ मधून वळणावर अडकतं मग ओढताना पिनच मोडते. सबसाठी एकच पॉइंट करू नका. टीव्ही युनिटच्या दोन्ही टोकांना आणि जमलं तर सोफ्याच्या शेजारी, तिन्ही ठिकाणी सबच्या सिग्नल वायरसाठी एक एक आरसीएचा पॉइंट आणि थ्री पिन सॉकेट. सब कुठे चांगला वाजेल ते सामान आल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

डाव्या बाजूला भिंत नाही म्हणालात, तिथे पीओपीत वरून वायर सोडा.

ठाणेकर_मधुरा:
दादा, तुमच्या आईंची तक्रार वाचून हसू आलं, आमच्याकडे सासूबाईंचं अगदी हेच होतं. टीव्ही आता इतके पातळ झालेत की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून असतात, बोलणं आधी भिंतीला जाऊन मग तुमच्याकडे येतं. खरा सेंटर आला की अर्धी तक्रार तिथेच संपते. बाकीची अर्धी सेटिंगमध्ये. रिसीव्हरमध्ये सेंटरची लेव्हल २-३ डीबी वर घ्या, आणि डायनॅमिक रेंज कम्प्रेशन किंवा नाइट मोड नावाचं काहीतरी असतं ते चालू करा, त्याने मोठा आवाज दाबला जातो आणि हळू आवाज वर येतो. पिच्चरच्या शौकिनांना ते आवडत नाही पण दुपारच्या मालिकेला कोण थिएटरएवढा आवाज (रेफरन्स लेव्हल) मागतंय.

एका रिमोटसाठी रिसीव्हर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयलाच जोडा, टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरकडे तिथूनच येतो, बाकीच्या भोकात जोडलं तर चालणार नाही. मग दोन्हीकडे सीईसी (एका रिमोटने दोन्ही चालवायची सोय) चालू करायचं, टीव्ही कंपन्यांनी त्याला आपापली वेगळी नावं दिलीयेत. टीव्ही चालू केला की रिसीव्हर आपोआप चालू, आवाज टीव्हीच्याच रिमोटने. आणि टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएम असेल तर ते ऑटो किंवा पासथ्रू करा!! पीसीएम ठेवलं तर साध्या एआरसीवरून फक्त दोन चॅनल जातात, आणि मग लोक म्हणतात एवढे पैसे घालून मागचे स्पीकर वाजतच नाहीत.

डीटीएचच्या मालिका बहुतेक स्टीरिओच असतात, त्यांच्यासाठी रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड नाहीतर जुन्या मॉडेलवर प्रोलॉजिक लावा, ते बोलणं ओढून सेंटरला आणतं.

पण एक विचारू का, घरात पाच खोकी आणि वायरी नकोच असतील तर सब आणि मागचे दोन वायरलेस स्पीकरवाला साउंडबार पण बघून घ्या ना. सगळ्यांनाच छंद नसतो.

कोल्हापुरी_कान:
मी जरा उलटं बोलतो, मंडळींनी राग मानू नये. ओटीटीवर पिच्चर किती बघणार आणि गाणी किती ऐकणार ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर दोन दमदार स्पीकर आणि एक चांगला स्टीरिओ ॲम्प, संपला विषय. लाखभरात सहा डबे विकत घेतले की प्रत्येक डबा अर्धामुर्धाच येतो.

बास_रे_बास:
कान साहेब, एकटा माणूस बरोब्बर मधे बसत असेल तर मान्य, दोन स्पीकरमध्ये पण बोलणं मधूनच आल्यासारखं वाटतं. पण सोफ्यावर चार जण बसले की कडेच्या माणसाला सगळं जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतं, टीव्हीवरचा माणूस मधे आणि त्याचा आवाज कोपऱ्यात. सेंटर त्याच्यासाठीच असतो. आणि ३.१ मध्ये पुढचे दोन चांगलेच घ्यायचेत, गाणी त्यांच्यावर ऐकायला कोण अडवतंय.

साउंडबारचं म्हणाल तर मधुराताईंचं चूक नाही, पण तिथे पाच वर्षांनी एकच भाग बदलता येत नाही, आख्खाच बदलावा लागतो. इथे भिंत उघडीच आहे, वायर आयती टाकता येतेय, म्हणून मी वेगळे स्पीकरच म्हणेन. भाड्याचं घर असतं तर मीही बारच सांगितला असता.

वाकडकर_नवा:
बापरे, एवढं सगळं, धन्यवाद सगळ्यांना. खोक्यामागे ३ ओहमच निघाले, म्हणजे तो विषय बंद. आता हे सांगा, सोफा भिंतीला टेकलेला असताना मागचे स्पीकर नक्की कुठे? आणि ॲटमॉसचं काय करू, शोरूमवाला रोज व्हॉट्सॲप करतोय. खाली एक आजी-आजोबा राहतात, सबने त्यांना त्रास होईल का ही पण धास्ती आहे.

बास_रे_बास:
मागचे म्हणू नका, सराउंड म्हणा, कारण ५.१ मध्ये ते पाठीमागे नसतातच. टीव्ही समोर शून्य अंश धरला तर सराउंड ११० च्या आसपास, म्हणजे कानाच्या रेषेपासून जेमतेम मागे. तुमची पाठच भिंतीला टेकली असेल तर ९० ते १०० वर समाधान माना, कानापेक्षा फूट-दोन फूट उंच, आणि रोख थेट कानावर नको, सोफ्याच्या पलीकडच्या टोकाकडे ठेवा म्हणजे कडेच्या माणसाच्या कानात ओरडत नाहीत. उजवा भिंतीवर, काचेच्या दाराच्या अलीकडे. डावा जिथे भिंत नाही तिथे वायरवाल्यांनी सांगितलं तसं वरून वायर, आणि पाइपवर खाली लटकवायचा, दोघांची उंची आणि अंतर शक्य तेवढं सारखं. अंतरात थोडा फरक पडला तर रिसीव्हर जवळच्याला किंचित उशीर (डिले) लावून सांभाळतो. पुढचे लेफ्ट-राइट एकमेकांपासून साडेसहा ते नऊ फूट, तुमच्या आठ फुटाच्या बसण्याला २२ ते ३० अंशांचा कोन त्यातच बसतो. सेंटर टीव्हीखाली कप्प्यात खोल ढकलू नका, कडेला आणून ठेवा आणि पुढून किंचित वर उचला.

आणि सोफा एखादा फूट तरी भिंतीपासून पुढे घ्या हो. साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर, तेवढ्या अंतरात ५३-५४ हर्ट्झची लाट उभी राहते आणि तिचा जोर नेमका भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. डोकं भिंतीला टेकलं की त्या एका सुराचा घुमका बसतो आणि सगळे म्हणतात सब खराब आहे. सतरा फुटाच्या दिशेने हीच गोष्ट ३३ च्या आसपास होते. म्हणूनच सबची जागा शोधायची युक्ती अशी की सब सोफ्यावर ठेवायचा, बास असलेलं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं, जिथे बास सगळ्यात एकसारखा ऐकू येतो तिथे सब. घरचे हसतील, हसू द्या.

ॲटमॉस. वर तोंडवाले स्पीकर आवाज सिलिंगवर आपटून खाली आणतात, त्यासाठी सिलिंग सपाट आणि कडक लागतं, उंची साडेसात ते बारा फुटांत. तुमच्या पीओपीत कोव्ह, पट्ट्या, झुंबर, लाकडी राफ्टर असं काही येणार असेल तर तो आवाज कुठेही जाईल. पीओपी करताच आहात तर सोफ्याच्या किंचित पुढे, डोक्यावर, दोन जागी वायर सोडून ठेवा, पुढे-मागे सिलिंगमध्येच दोन स्पीकर बसवता येतील. त्याला ५.१.२ म्हणतात. तिथे पीओपीच्या वर पोकळी किती मिळतेय तेवढं विचारून ठेवा, स्पीकरच्या मागच्या डब्याला जागा लागते. रिसीव्हर मात्र त्या हिशोबाने ७ चॅनलचा घ्यायचा की साधा ५ चा, ते आत्ताच ठरवा. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ सारखा ५.१ वाला स्वस्तात काम करतो पण त्याला ॲटमॉस नाही आणि एआरसीच आहे, जास्त मोठा आवाजाचा डेटा नेणारं ईएआरसी नाही. ईएआरसी नसल्याने ओटीटीला फरक पडत नाही, ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो आणि साध्या एआरसीवरून पण जातो. ब्ल्यू-रेवरचा ट्रूएचडी (न दाबलेल्या दर्जाचा आवाज) मोठा असतो, त्याला ईएआरसी लागतो, नाहीतर प्लेअर सरळ रिसीव्हरलाच जोडायचा, तो प्रश्नच उरत नाही. तुम्ही वायर टाकताय तर थोडं थांबून ७ चॅनलचा घ्या असं मी म्हणेन. शोरूमवाल्याला दोन महिने व्हॉट्सॲप करू दे.

ठाणेकर_मधुरा:
खालच्या आजी-आजोबांसाठी. सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड ठेवला की सबचा थरथराट स्लॅबला थेट लागत नाही, खडखडाट कमी होतो. पण खोल बास हवेतून पण स्लॅबमध्ये उतरतो, पॅड लावला म्हणजे काहीच ऐकू जाणार नाही असं समजू नका. रात्री सबची लेव्हल खाली, नाइट मोड चालू. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलचीच आहे, पण नियम दाखवायची वेळ येऊच नये, पहिल्या शनिवारी त्यांच्याकडे खाली जाऊन बसा आणि वर एखादा मारामारीचा सीन लावायला सांगा. काय ऐकू येतं ते स्वतःच्या कानाने कळेल, शिवाय ओळख पण होईल.

आणि टाइल्स, काच, रिकाम्या भिंती, हॉल घुमणारच. जाड पडदा त्या काचेवर, सोफ्यासमोर गालिचा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट जमलं तर उत्तमच. अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला कुणीतरी देईलच, ते काही कामाचे नाहीत.

नाशिकचा_वायरवाला:
कॅलिब्रेशनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. रिसीव्हरबरोबर माइक येतो तो सोफ्याच्या पाठीवर ठेवून उरकू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. पंखा बंद, एसी बंद, फ्रिजजवळ असेल तर तोही, कुकरची शिट्टी झाल्यावरच चालू करा. झाल्यावर सेटिंग उघडून बघायची, पुष्कळदा तो स्पीकर लार्ज धरतो, हाताने स्मॉल करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती रेषा) ८० हर्ट्झवर आणा. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवेल, ते बदलू नका, सबच्या आतल्या सर्किटला जो उशीर लागतो तो त्याने त्यात धरलेला असतो.

सब जोडल्यावर ऊं ऊं असा हम आला तर आधी केबल टीव्ही किंवा डीटीएचची गोल वायर काढून बघा. हम गेला तर दोष सबचा नाही, दोन ठिकाणचं अर्थिंग भिडतंय. सब आणि रिसीव्हर एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्या, आणि सबच्या प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्हवाला आहे का बघा, स्क्वेअर वेव्हवर लाइट जाताच गुरगुर सुरू होते.

वाकडकर_नवा:
चालेल, मग ठरलं. सोमवारी इलेक्ट्रिशियनला सात स्पीकरच्या जागा, सबचे तीन पॉइंट आणि टीव्हीमागे ४० एमएमचा पाइप एवढं कागदावर काढून देतो. सिलिंगचं डिझाइन सोफ्यावरच्या भागात सपाट ठेवायला सांगितलं, इंटिरियरवाल्याचं तोंड वाकडं झालं पण तयार झाला. डावा सराउंड पाइपवर लटकवायचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. बास भाऊ, तो पाइप पांढरा मिळतो का पीओपीच्या रंगाचा?

नाशिकचा_वायरवाला:
पंख्याच्या दांडीचा पाइप घ्या, एक फुटापासून तीन फुटांपर्यंत मिळतो, पांढरा पण असतो. वायर आतून जाते. वर मात्र स्लॅबला हुक पीओपीच्या आधी मारून घ्या, पीओपीच्या शीटवर स्पीकर टांगू नका.